बुरशी जगली तर मुंगी जगते : गांबोआतला पावसाळा

चाग्रेस नदी जिथे पनामा कालव्याला मिळते तिथे गांबोआ नावाचं छोटंसं गाव आहे. एका अंगाला कालव्यातून सरकणारी अवाढव्य मालवाहू जहाजं आणि दुसऱ्या अंगाला सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानाचं दाट जंगल. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर क्षेत्र-साहाय्यक म्हणून मला इथे काम मिळालं. काम एका ओळीत सांगता येण्यासारखं होतं : पानकापी मुंग्यांच्या राण्या आणि कोवळ्या वसाहती गोळा करायच्या, त्या प्रयोगशाळेत रुजवायच्या आणि मुंग्या स्वतः पानं कापून आपलं आपण चालवू लागेपर्यंत त्यांचं बघायचं. हे करताना भेटलेल्या बाकीच्या जिवांबद्दलही मी लिहिणार आहे. त्यांना वगळलं तर या मुंगीबद्दल सांगण्यासारखं फारच थोडं उरतं.

प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याने, तो पनामाचाच, अगदी सुरुवातीला एकच सूचना दिली. "मुंग्यांकडे लक्ष देऊ नकोस, बुरशीकडे दे. बुरशी ठीक असली की मुंग्या ठीकच असतात." पुढचा सगळा पावसाळा मी या वाक्याच्या आधाराने काढला.

पानकापी मुंग्या फक्त अमेरिका खंडांत सापडतात, वर टेक्सासपासून खाली अर्जेंटिनापर्यंत. आट्टा आणि ॲक्रोमिरमेक्स या दोन प्रजातींमध्ये त्यांच्या बहुतेक जाती येतात. त्या झाडांची पानं कापून नेतात, पण पानं खात नाहीत. जमिनीखालच्या दालनांमध्ये पानांचा लगदा करून त्यावर त्या एक बुरशी वाढवतात आणि त्यांच्या अळ्या सर्वस्वी त्या बुरशीवर वाढतात. भारतात ही मुंगी नाही. मात्र अशी शेती आपल्याकडे कोणी करतच नाही असंही नाही. मी कुडाळकडची. आमच्याकडे पावसाच्या पहिल्या सरींनंतर वारुळांवर जी अळंबी उगवतात ती वाळवीने आपल्या वारुळात जोपासलेल्या बुरशीचीच असतात. गोव्यातही ती तेवढ्याच आवडीने खाल्ली जातात. त्यामुळे 'शेती करणारा किडा' ही कल्पना मला परकी नव्हती. पानकापी मुंग्यांच्या बुरशीला मात्र अशी छत्र्यांची अळंबी क्वचितच येतात, आणि ती बुरशी मुंग्यांशिवाय रानात स्वतंत्रपणे टिकत नाही. दोघींपैकी एकीलाही एकटीने राहता येत नाही.

पाऊस सुरू होण्याआधीचे आठवडे मुंग्यांच्या वाटा शिकण्यात गेले. आट्टा कोलोंबिका ही गांबोआत सगळीकडे दिसणारी जात. तिच्या वाटा जंगलात लांबूनही ओळखू येतात. वितभर रुंदीची पट्टी, त्यावर ना काडी ना कचरा, आणि त्या पट्टीवरून हिरवे तुकडे चालल्यासारखे सरकत असतात. वाट साफ ठेवण्याचं काम काही मुंग्या सतत करत असतात. शंभर मीटरहून लांब वाटाही असतात. मी वाटेवर वारुळाकडून झाडाकडे जायची, मग उलट यायची, आणि कोणत्या झाडाची पानं चालली आहेत ते टिपून ठेवायची.

कापणारी मुंगी जवळून पाहिली नसेल तर ती कशी कापते याची कल्पना येत नाही. मागचा पाय ती पानाच्या कडेला घट्ट रोवते आणि त्या पायाभोवती स्वतःलाच फिरवत जाते, त्यामुळे तुकडा जवळजवळ अर्धगोल निघतो आणि त्याचं माप तिच्या स्वतःच्या मापाशी जुळतं. एक जबडा पुढे रुतवून ठेवायचा, दुसरा त्याच्याकडे ओढत पान चिरायचं. कापताना पोटाचा मागचा भाग भराभर वरखाली होतो. त्या घर्षणातून बारीक कंपनं निघतात आणि पानातून, देठातून ती जवळपासच्या मुंग्यांपर्यंत पोचतात. पान जितकं चांगलं तितकी कंपनं जास्त. हे वाचलेलं होतं, पण डोळ्यांसमोर एका कोवळ्या पानावर एकीच्या मागे चार-पाच जणी येऊन चिकटताना पाहिल्या तेव्हा ते खरं वाटलं.

मग स्वारीवाल्या. वाहून नेल्या जाणाऱ्या तुकड्यावर पुष्कळदा एक अगदी बारकी मुंगी बसलेली असते. नवख्याला वाटतं की ती आळशी आहे किंवा चुकून बसली आहे. तिचं काम समजून घ्यायचं तर वाटेशेजारी गुडघे टेकून, गाल जवळजवळ जमिनीला लावून बघावं लागतं, आणि मागे काळोखी सावली हवी. तेव्हा हवेत तरंगणारे एक-दोन मिलिमीटरचे ठिपके दिसायला लागतात. त्या फोरिड माश्या. पान वाहणाऱ्या मुंगीच्या अंगात त्या अंडं घालतात. काही जाती त्यासाठी नेमकं डोकं निवडतात आणि अळी आतून वाढत मुंगीला मारते. पान उचललेल्या मुंगीचे जबडे अडकलेले असतात, तिला प्रतिकार करता येत नाही. एका तुकड्यावर मी माशी उतरताना पाहिली. वर बसलेली बारकी मुंगी क्षणात वळली, पुढचं अंग उचलून जबडे पसरले आणि माशीच्या दिशेने झेपावली. माशी उडाली, पुन्हा आली, पुन्हा उडाली, आणि मागच्या दुसऱ्या तुकड्याकडे गेली. त्यावर कोणी नव्हतं.

फीनर आणि मॉस या संशोधकांनी १९९० मध्ये पनामातल्याच आट्टा कोलोंबिकावर हे दाखवलं होतं : स्वारीवाली असली की माशी पानावर कमी वेळ टिकते. कोस्टा रिकात आट्टा सेफालोटेस या जातीत असंही दिसलं आहे की माश्यांच्या वेळेत, म्हणजे दिवसा, लहान आकाराच्या मुंग्या बाहेर पडतात आणि अंधार पडल्यावर मोठ्या. एक मिलिमीटरची माशी लाखो मुंग्यांच्या वसाहतीचं वेळापत्रक ठरवते, आणि त्यामुळे कोणत्या झाडावरून किती पान घरात येतं तेही. रात्री टॉर्च घेऊन वाटेवर गेल्यावर मला तेव्हाही पानांवर स्वारीवाल्या दिसल्या, माश्या नसताना. त्या पान चाटत होत्या. तुकडा घरात जायच्या आधी त्यावरचे परक्या बुरशीचे कण काढून टाकणं हे त्यांचं दुसरं काम, आणि माझ्या मते ते माशी हाकलण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण पुन्हा प्रश्न येतो तो बुरशीचाच.

एप्रिलअखेर-मेमध्ये पहिले जोरदार पाऊस झाले आणि राण्यांचा हंगाम आला. वसाहतींमधून पंखवाल्या राण्या आणि नर उडतात, हवेत मिलन होतं, नर मरतात. राणी एकाहून अधिक नरांकडून मिळालेले शुक्राणू पोटात साठवते आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तेच वापरते. पुन्हा कधी ती मिलन करत नाही. उजाडायच्या वेळी आम्ही गावातल्या रस्त्यांच्या कडेने फिरायचो. दोन सेंटिमीटरहून मोठ्या, तांबूस तपकिरी राण्या पंख टाकून बीळ खणत असायच्या. त्यांच्यावर पक्षी, सरडे, बेडूक, इतर मुंग्या सगळेच तुटून पडलेले. उडालेल्या राण्यांपैकी वर्षभर टिकून वसाहत उभी करणाऱ्या अगदी मोजक्या असतात, आणि त्या सकाळी ते समजायला कुठला तक्ता लागत नव्हता. रस्ताभर नुसते पंख पडलेले असायचे.

प्रत्येक राणी वेगळ्या छोट्या पारदर्शक डब्यात. तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर, तो पाण्याने भिजवलेला, कारण बुरशीला जवळजवळ संपृक्त दमट हवा लागते. डबे अंधारात, तपासायचं ते लाल उजेडात, कारण मुंग्यांना तांबडा रंग फारसा दिसत नाही. हा सगळा खटाटोप राणीच्या तोंडातल्या एका गोळीसाठी. घर सोडताना ती तिथल्या बुरशीचा चिमूटभर अंश घशाजवळच्या एका पिशवीत भरून घेते. पुढच्या सगळ्या वसाहतीची बुरशी त्यातूनच वाढणार. एका डब्यात मी ती बाहेर आलेली पाहिली : खसखशीच्या दाण्याएवढी, मळकट पांढरी. राणी तिच्याभोवती फिरत होती, मिशांनी चाचपत होती. मग तिने त्यातला एक धागा तोडला, पोट पुढे वळवून त्याला शेवटाशी आलेला पिवळसर द्रवाचा थेंब लावला आणि तो धागा परत गोळीला चिकटवला. तो थेंब म्हणजे खत. या काळात राणी बाहेरचं काही खात नाही. अंगातली चरबी आणि पंखांचे आता निरुपयोगी झालेले स्नायू यांवर ती निभावते, आणि न फळणारी अंडी घालून ती स्वतः खाते, अळ्यांना भरवते. बुरशीला ती तोंड लावत नाही, कारण बुरशी अजून इतकी थोडी असते की खाल्ली तर संपेल.

काही डब्यांमध्ये गोळी सुकली किंवा तिच्यावर दुसरीच बुरशी चढली. अशा डब्यातली राणी धडधाकट असते, अंडीही घालत असते, आणि तरीही तिचं काहीच होणार नसतं. आम्ही अशा राण्यांना शेजारच्या डब्यातल्या बुरशीचा तुकडा चिमट्याने नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, चाटला, खत लावलं, आपला मानला. हे फक्त याच वयात शक्य असतं. जुन्या वसाहतीला परकी बुरशी दिली तर मुंग्या ती तोडून फेकून देतात. कारण असं की मुंग्यांच्या विष्ठेतल्या थेंबात त्यांच्या स्वतःच्या बुरशीतून आलेली द्रव्यं असतात आणि ती वेगळ्या वाणाच्या बुरशीला सोसत नाहीत. घरात एकाच वाणाची बुरशी राहते ती या थेंबांमुळे. मला हा भाग फार सुंदर वाटतो. मालकीण मुंगी आहे असं आपण समजतो, पण तिचं पोट कोणती बुरशी चालेल ते ठरवतं आणि तिचं पोट बुरशीने घडवलेलं असतं.

पहिल्या कामकरी मुंग्या यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. त्या सगळ्या आकाराने लहानच असतात. काही दिवस त्या आतच बुरशी सांभाळतात आणि मग बीळ उघडून पानं आणायला लागतात. तोवर आमचं दुसरं काम चालू होतं : आधीच्या वर्षी रुजलेल्या कोवळ्या वसाहती खणून आणायच्या.

कोवळ्या वारुळावर मातीचा छोटा उभा बुरूज असतो. त्यावरून सरळ खाली खणायचं नाही. हातभर बाजूला खड्डा घ्यायचा आणि मग खुरपीने आडवी माती खरवडत दालनाकडे यायचं, म्हणजे बुरशीवर माती कोसळत नाही. दालन उघडलं की आधी वास येतो, ओलसर, गोडूस, अळंबीचा. मग दिसतो राखाडी, सच्छिद्र गोळा, हाताच्या मुठीएवढा, आणि त्याच्या प्रत्येक छिद्रातून धावणाऱ्या मुंग्या. चमच्याने तो खालून अलगद उचलायचा. राणी बहुतेक गोळ्याच्या आतच असते. ती दिसेपर्यंत कोणी बोलत नसे.

प्रयोगशाळेत या गोळ्याचे थर भिंगाखाली नीट बघता आले. वरच्या बाजूला नुकताच चिकटवलेला पानांचा लगदा, गडद हिरवट. त्याच्या खाली पांढरी, भरगच्च वाढ. त्यातच फुगीर टोकांचे झुपके असतात, तेच अळ्यांचं अन्न. सर्वांत खाली पिवळट-तपकिरी, सत्त्व संपलेला भाग, जो मुंग्या तोडून उकिरड्यावर नेतात. पान या गोळ्यात जाईपर्यंत किती हातांखालून जातं! मोठ्या मुंग्या कापतात आणि आणतात, मधल्या आकाराच्या त्याचे एक-दोन मिलिमीटरचे तुकडे करून चावून मऊ करतात, खताचा थेंब लावतात, लहान त्यावर बुरशीचे धागे लावतात आणि सर्वांत बारक्या निंदणी करत फिरतात. मोठ्या मुंग्या स्वतः मुख्यतः कापताना मिळणाऱ्या पानाच्या रसावरच जगतात.

या बुरशीचा शोधही सांगण्यासारखा आहे. निकाराग्वात सोन्याच्या खाणीवर काम करणारा इंग्रज अभियंता टॉमस बेल्ट याने वारुळं खणून पाहिली आणि १८७४ मध्ये लिहिलं की मुंग्या पानं खात नसाव्यात, त्यावर बुरशी वाढवून ती खात असाव्यात. १८९३ मध्ये आल्फ्रेड म्योलर याने दक्षिण ब्राझीलमध्ये बुरशीच्या या गोळ्यांचा, म्हणजे मुंग्यांच्या 'बागांचा', बारकाईने अभ्यास करून त्या झुपक्यांचं वर्णन केलं. मुंग्यांची ही शेती किती जुनी, याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातलं उत्तर सुमारे ६.६ कोटी वर्षं असं आहे, म्हणजे डायनोसॉर संपले त्या उल्कापाताच्या सुमाराची. ताजी पानं कापण्याची पद्धत त्यानंतर पुष्कळ उशिरा आली.

खणून आणलेल्या वसाहतींना काय घालायचं हा रोजचा प्रश्न होता. ओट्सचे दाणे त्या आवडीने नेत. पानांच्या बाबतीत मात्र त्यांच्या आवडीनिवडी पक्क्या. गावातल्या आंब्याच्या कोवळ्या लाल पालवीवर त्या अक्षरशः तुटून पडायच्या. आपल्याकडून जगभर गेलेलं हे झाड इथे मुंग्यांना इतकं मानवलं आहे की गांबोआत एका रात्रीत बोडकं झालेलं आंब्याचं रोप ही नेहमीची गोष्ट. जास्वंदही तशीच. उलट रानातलं हिमेनिया कुर्बारिल हे झाड त्या बहुतेक टाळतात. १९८३ मध्ये हबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच्या पानातलं एक टर्पिनॉइड द्रव्य बुरशीला मारक आहे. म्हणजे ते झाड आपला बचाव मुंगीपासून करत नाही, मुंगीच्या घरातल्या बुरशीपासून करतं.

पण कापणाऱ्या मुंगीला हे कसं कळतं? तिला तर पान चवीला ठीक लागू शकतं. आम्ही नेहमीचा प्रयोग करून पाहिला : बुरशीनाशक लावलेले पानांचे तुकडे दिले. पहिल्या दिवशी मुंग्यांनी ते निमूटपणे नेले. नंतर हळूहळू उचलणं बंद झालं, आणि त्याच झाडाची साधी, स्वच्छ पानं ठेवली तरी त्या वास घेऊन सोडून देत. हा बहिष्कार आठवडेच्या आठवडे टिकतो. बागेत काम करणाऱ्या मुंग्यांना बुरशी आजारल्याचं जाणवतं आणि ती बातमी कशी तरी कापणाऱ्यांपर्यंत जाते. संत्र्याच्या सालीवर, वेगवेगळ्या पानांवर अनेक संशोधकांनी हे पाहिलं आहे. मी ज्या झाडांची नोंद महिनाभर वाटेवर बसून केली होती, त्यांतली काही अचानक वाटेवरून नाहीशी का झाली होती त्याचा अंदाज मला हा प्रयोग बघताना आला.

पानाच्या आत राहणाऱ्या, झाडाला सहसा इजा न करणाऱ्या बुरश्याही या हिशेबात येतात. गांबोआतच सन्शाइन व्हॅन बाएल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात दिसलं की ज्या पानात असे पाहुणे जास्त, ते पान मुंग्यांना कमी आवडतं. ते साफ करायला घरात जास्त मेहनत पडते. तेव्हा एक पान कापायचं की नाही या निर्णयात झाड, त्याच्या आतली बुरशी, घरची बुरशी आणि मुंगी अशा चौघांचं म्हणणं असतं.

आता बागेचा खरा शत्रू. एके दिवशी एका डब्यातल्या गोळ्याच्या कडेला धुरकट पांढरा पट्टा दिसला, मग तो तपकिरी, भुकटीसारखा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली बघून सहकाऱ्याने सांगितलं, एस्कोव्हॉप्सिस. ही बुरशी मुंग्यांच्या बुरशीवर जगते, दुसरीकडे कुठे फारशी सापडत नाही. कॅमेरॉन करी यांनी १९९९ मध्ये ती किती विशेष आणि किती घातक आहे हे दाखवलं. राणीच्या गोळीतून ती येत नाही, वसाहतीला नंतर बाहेरून लागते. म्हणून आमच्या राण्यांचे डबे तिच्यापासून मुक्त होते आणि खणून आणलेल्या वसाहती नव्हत्या. त्यानंतर हातमोजे, चिमटे, पाणी सगळं दोन्हींसाठी वेगवेगळं ठेवण्याचा नियम मी काटेकोरपणे पाळला.

मुंग्या काय करतात ते मी त्या डब्यात तासन्‌तास पाहिलं. बारक्या मुंग्या बुरशीचा एकेक धागा जबड्यातून ओढून घेत कण काढून टाकतात. भाग जास्त बाधला असेल तर तो हलवून हलवून मोकळा करतात आणि तुकडाच उपटून फेकतात. ॲक्रोमिरमेक्स जातींमध्ये यापुढचं एक अस्त्र आहे. त्यांच्या छातीवर पांढरी भुकटी दिसते. ती मेणाची आहे असं पूर्वी समजलं जाई, पण ते जिवाणू आहेत, आज स्यूडोनोकार्डिया नावाने ओळखले जाणारे, आणि ते एस्कोव्हॉप्सिसची वाढ रोखणारी द्रव्यं तयार करतात. नुकत्याच बाहेर आलेल्या मुंग्यांच्या अंगावर काही दिवसांत ती पांढरी पूड पसरत जाते. आट्टा मुंग्यांच्या अंगावर हे जिवाणू नाहीत, त्या स्वतःच्या ग्रंथींतून स्रवणाऱ्या द्रव्यांवर जास्त भिस्त ठेवतात. आमच्या आजारी डब्यातली वसाहत वाचली. निम्मी बाग गेली, पण वाचली.

बागेत आणखीही जिवाणू राहतात. त्यांतले काही हवेतला नायट्रोजन बांधतात, हे २००९ मध्ये दाखवण्यात आलं. पानांच्या लगद्यात नायट्रोजन कमी असतो, आणि एवढी अळ्यांची फौज वाढवायला तो कुठून येतो या प्रश्नाचं काही अंशी उत्तर तिथे मिळालं.

पाहुण्यांबद्दल लिहिताना मला हात आवरावा लागतो. एका खणलेल्या बागेच्या छिद्रात मला तीन-चार मिलिमीटरचं, चपटं, फिकट तपकिरी झुरळ सापडलं. अटाफिला हे त्याचं नाव. या झुरळांच्या अंगाला त्याच वसाहतीचा वास असतो, त्यामुळे मुंग्या त्यांना हुसकत नाहीत, आणि राण्या उडतात तेव्हा ही झुरळं त्यांच्या अंगाला धरून जातात. याहून बेरकी पाहुणी म्हणजे ॲक्रोमिरमेक्स इन्सिन्युएटर. ती स्वतः पानकापी मुंगीच आहे, पण तिची राणी आपल्या जवळच्या नात्यातल्या ॲक्रोमिरमेक्स एकिनॅटियरच्या घरात घुसते, तिथल्या राणीला मारत नाही, शेजारी राहून अंडी घालते, आणि यजमान कामकरी तिची पिल्लं वाढवतात. १९९८ मध्ये तिचं वर्णन झालं ते पनामातूनच.

या पाहुण्यांबद्दल घाईने मत बनवू नये असं मी शिकले ते मेगॅलोमिरमेक्सच्या उदाहरणाने. ही मुंगी पानकापी नसलेल्या, पण बुरशी वाढवणाऱ्या सेरिकोमिरमेक्स मुंग्यांच्या घरात कायमची राहते, त्यांची बुरशी खाते, पिल्लंही खाते. निव्वळ नुकसान. पण बाहेरून लुटारू मुंग्यांची टोळी आली की हीच पाहुणी आपल्या जहरी विषाने त्यांना मारते आणि यजमानांचं घर वाचतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम पनामातलं. शेजारात लुटारू आहेत की नाहीत, यावर ती पाहुणी शाप ठरते की आधार ते अवलंबून.

मोठ्या वसाहतींवर धाड घालणारी खरी फौज म्हणजे नोमामिरमेक्स एसेनबेकी ही लष्करी मुंगी. बहुतेक जमिनीखालून येते. जंगलातून जाणाऱ्या पाइपलाइन रोडवर एका संध्याकाळी एका जुन्या वारुळाच्या तोंडाशी आट्टाच्या मोठ्या डोक्यांच्या सैनिक मुंग्यांची दाटी दिसली, आणि त्यांच्यातून काळपट मुंग्यांची रांग पांढऱ्या अळ्या घेऊन बाहेर चालली होती. सैनिक मुंग्या एकेकीला धरून दुभंगत होत्या आणि तरीही रांग तुटत नव्हती. एरवी या सैनिक वाटेवर क्वचितच दिसतात. इतका खर्च करून वसाहत त्यांना का पोसते हे तिथे उभं राहिल्यावर कोणालाही समजलं असतं. पिल्लं गेली तरी राणी आणि बाग राहिली की वसाहत सावरू शकते.

पावसाळा संपत आला तेव्हा माझा बहुतेक वेळ उकिरड्यांवर जायला लागला. आट्टा सेफालोटेस आपला केर जमिनीखालच्या दालनांत टाकते, आट्टा कोलोंबिका मात्र बाहेर, उताराच्या बाजूला. वाळलेल्या फांदीच्या टोकापर्यंत जाऊन मुंगी तपकिरी कण खाली सोडते आणि परत फिरते. केर वाहणाऱ्या मुंग्या बहुधा वयस्कर असतात आणि त्या बागेकडे गेल्या तर इतर मुंग्या त्यांना अडवतात, कारण त्यांच्या अंगावर रोग असतो. मुंग्यांना नको असलेला हा ढीग बाकी सगळ्यांना हवा असतो. त्यात भुंगेरे, माश्यांच्या अळ्या, कोळी-किडे यांची रेलचेल असते, आणि आजूबाजूच्या झाडांची बारीक मुळं त्यात शिरून गच्च जाळं करतात. फावड्याने कापून पाहिलं तेव्हा केरापेक्षा मुळंच जास्त दिसत होती. गातुन सरोवरातल्या बार्रो कोलोरादो बेटावर असंही आढळलं आहे की या मुंग्या मिकोनिया आर्जेंटिया या झाडाच्या बिया घरी नेतात आणि त्यांतल्या पुष्कळशा शेवटी उकिरड्यावर पोचतात. पानं नेल्याचं झाडाचं नुकसान आपण मोजतो, हे परत दिलेलं सहसा मोजत नाही.

शेतकऱ्याला हे सांगून भागत नाही, हेही खरं. ज्याची संत्र्याची रोपं रातोरात गेली त्याला मुंगीचं कौतुक कसं वाटावं? लॅटिन अमेरिकेत सल्फ्लुरामिड हे विष संत्र्याच्या गरात मिसळून गोळ्यांच्या रूपात वाटेवर टाकतात. ते हळू काम करणारं निवडलं आहे ते उगाच नाही. झटकन परिणाम दिसला असता तर मुंग्यांनी बुरशीनाशकासारखाच त्यावरही बहिष्कार टाकला असता. पण हे द्रव्य मोडून पर्यावरणात अतिशय चिवटपणे टिकणारं रसायन तयार होतं, आणि अशा चिवट रसायनांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात त्यावर निर्बंध आहेत, पानकापी मुंग्यांसाठी फक्त शेतीतल्या वापराला सवलत ठेवून. मला ही सवलत पटत नाही, आणि घरच्या बागेत तर हे विष नकोच.

गांबोआत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका आजींनी आंब्याचं रोप तिसऱ्यांदा लावलं होतं. त्यांना मी उकिरड्याचा केर आणून दिला. ताजा केर रोपाभोवती पसरला की मुंग्या ते रोप टाळतात, कारण त्यात त्यांच्या बागेचे रोग असतात. जुना झाला की त्याचा धाक कमी होतो, म्हणून तो सारखा बदलावा लागतो. आजींनी तो बादलीभर घेतला, वास घेऊन तोंड फिरवलं, आणि रोपाभोवती आळं करून पसरला. ढीग कुठे आहे ते मी त्यांच्या नातवाला दाखवून ठेवलं. पावसात केर वाहून जातो, तेव्हा जोराची सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी नवा घालायचा, एवढं त्याला नीट समजावून सांगितलं.